यांना समजले का?

दारावरची पाटी काढायचं ठरवायला मला दोन वर्षं लागली आणि ती परत लावायला दोन मिनिटं.

पाटी तशी लहानच आहे. हातभर लांबीचा निळा पत्रा, त्यावर पांढरी अक्षरं: 'गणिताची शिकवणी. पाचवी ते दहावी. सायंकाळी.' चार कोपऱ्यांत चार स्क्रू. शिकवणी अर्थातच माझी नव्हे. (माझा आणि गणिताचा संबंध शाळेतच तुटला, तोही दोन्ही बाजूंच्या संमतीनं.) शिकवणी आमच्या हिची. बावीस वर्षं बाहेरच्या खोलीत फळा लावून ही मुलांना गणित शिकवत होती आणि बावीस वर्षं मी कचेरीतून आलो की गुपचूप स्वयंपाकघरात शिरून सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवत होतो.

दारात चपलांचा हा ढीग असायचा. आमचं घर तळमजल्यावर, दार थेट रस्त्यावर, समोर बसचा थांबा. थांब्यावरच्या लोकांसमोर मी रोज एका हातात डबा, एका हातात छत्री धरून चपलांच्या ढिगावरून उडी मारत घरात शिरायचो. दोनदा पडलोही. त्या ढिगाच्या नावानं मी बोटं मोडली नाहीत असा एक दिवस गेला नाही. 'एवढ्या चपला कुणाच्या घरात असतात? चपलांच्या दुकानात असतात!' असं मी म्हणायचो आणि ही आतून 'हळू बोला, अपूर्णांक चाललेत,' म्हणायची.

त्यात आणखी एक छळ होता. मी आधणात साखर टाकतोय न टाकतोय तोच बाहेरून हाक यायची, "अहो, जरा बाहेर या." गेलो की स्टुलावर बसवायची. मग एखादं पोर फळ्यापाशी उभं राहून मला त्या दिवशीचं गणित समजावून सांगायचं. मी माणूस कचेरीतून थकून आलेला. मला काय कळणार? मी म्हणायचो, "नाही बुवा कळलं." पोरं खिदळायची. पुन्हा समजावायची. पुन्हा मला कळायचं नाही. मला वाटायचं, अभ्यासातून मुलांना जरा विरंगुळा म्हणून ही माझा उपयोग करते. सर्कशीत मध्ये मध्ये विदूषक आणतात, तसा. एकदा मी वैतागून न कळताच मान डोलावली, तर ही म्हणाली, "खोटं नका हो डोलवू. घोटाळा होतो." मी मनात म्हटलं, नवऱ्याचा पाणउतारा करायचा तर निदान नीट तरी करू दे.

दोन वर्षांपूर्वी ही गेली. आठ दिवस दवाखाना, आणि संपलंच. मुलांनी दुसरीकडे शिकवण्या धरल्या. आता दारात माझे एकट्याचे बूट असतात. उडी मारावी लागत नाही. सरळ चालत घरात शिरता येतं, पण शिरावंसं वाटत नाही. मी थांब्यावरच्या बाकावर बसून दोन-तीन बस सोडतो आणि मग कुलूप काढतो. चहा अजूनही त्या मोठ्या पातेल्यातच करतो. एक कप चहा त्या पातेल्यात इतका तळाला जातो की शोधावा लागतो.

तर एका रविवारी सकाळी मी मनाशी म्हटलं, पुरे. पाटी काढायची. स्टुलावर चढलो, तीन स्क्रू काढले. चौथा गंजला होता. पाटी त्या एका स्क्रूवर लोंबकळत होती आणि मी पाटीला लोंबकळत होतो, एवढ्यात खालून आवाज आला.

"पाटी लावताय का सर? बरं झालं, वेळेवर आलो!"

खाली एक बाई उभ्या होत्या. खाकी गणवेश, गळ्यात तिकिटांची पेटी. शेजारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, नजर जमिनीवर.

"मी कंडक्टर आहे, याच मार्गावर होते आधी," त्या म्हणाल्या. "बस इथे थांबली की रोज बघायची तुमच्या दारातल्या चपला. एवढी मुलं! तेव्हाच ठरवलं होतं, आपली पोरगी मोठी झाली की इथेच. मध्ये तीन वर्षं दुसऱ्या मार्गावर घातलं मला. कालच परत आले. ही नववीला. गणितात गचकली. फेरपरीक्षा सहा आठवड्यांवर आहे."

इथे मी सांगायला हवं होतं, की बाई, ज्यांची ही शिकवणी ती माझी बायको, ती आता नाही. वाक्य साधं आहे. दोन वर्षांत शंभरदा बोलून झालं होतं. पण प्रत्येक वेळी ते बोललं की समोरचा माणूस 'अरेरे' म्हणतो आणि निघून जातो. त्या दोघीही गेल्या असत्या.

"या उद्यापासून," मी म्हणालो. "साडेसहाला."

"बोल, येते म्हणून," कंडक्टर बाई मुलीला म्हणाल्या. मुलगी काहीतरी पुटपुटली. "चला, पुढे चला," असं म्हणून त्यांनी तिला थांब्याकडे ढकललं, आणि मी तीन स्क्रू परत घट्ट बसवले.

मग मला दरदरून घाम फुटला.

मी एका कचेरीत आवक-जावक लिपिक आहे. येणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा आणि आवक क्रमांक टाकायचा, जाणाऱ्यावर जावक क्रमांक. चौतीस वर्षं मी हेच करतोय. आकडे मी एकामागोमाग एक लिहितो, ते एकमेकांचं पुढे काय करतात यात मी कधी लक्ष घातलं नाही. पण हिच्या वह्या कपाटात होत्या. सगळे धडे सोडवलेले, सुंदर अक्षरात. मी ठरवलं, रोज कचेरीतून आल्यावर वहीतलं एक पान फळ्यावर जसंच्या तसं उतरवायचं. कॉपी करणं ही आमच्या खात्यातली मूलभूत पात्रता आहे.

मुलगी आली. दारात तिच्या चपला. मी पाहतच राहिलो. (त्या मी जरा मध्यभागी सरकवून ठेवल्या. येता-जाता उडी मारता यावी म्हणून.) वही उघडून ती बसली आणि खोडायला लागली. एक आकडा लिही, खोड. पुन्हा लिही, पुन्हा खोड. कागदाला भोक पडलं की पान उलटायचं. अर्ध्या तासात टेबलावर रबराचा चुरा इतका जमला की मला हिची खडूची धूळ आठवली. मी मनातल्या मनात तिचं नाव खोडरबर ठेवलं.

"कळलं?" मी फळ्याकडे काठी दाखवून विचारलं.

"हो सर," खोडरबर म्हणाली आणि खोडू लागली.

दोन आठवडे असे गेले. मी लिहायचो, ती उतरवायची, खोडायची. मग चहा. ती दोन्ही हातांत कप धरून हळूहळू प्यायची आणि घड्याळाकडे कधी बघायची नाही. मला वाटलं, जमतंय की! एवढ्यासाठी ही बावीस वर्षं घसा कोरडा करत होती?

तेवढ्यात ते टाकीचं गणित आलं. शाळेतून घरी सोडवायला दिलेलं, म्हणजे हिच्या वहीत नसलेलं. 'एका नळाने टाकी बारा तासांत भरते, दुसऱ्या नळाने सहा तासांत. दोन्ही नळ एकदम सोडल्यास टाकी किती तासांत भरेल?'

"उद्या सांगतो," मी रुबाबात म्हणालो. "तू आधी स्वतः विचार कर." (हे वाक्य मी हिच्याकडून उचललं होतं. ती ते उत्तर माहीत असताना वापरायची.)

तो गणिताचा कागद घेऊन मी कचेरीत गेलो. म्हटलं, हिशेब विभागात कुणाला तरी गाठून विचारू. कागद टेबलावर ठेवला आणि सकाळचं टपाल उघडायला घेतलं. आता चौतीस वर्षांची सवय म्हणजे काय ते ऐका. माझ्या उजव्या हातानं, मला न विचारता, त्या कागदावर आवक शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि कागद साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. जेवणाच्या सुट्टीत मी कागद शोधतोय तोवर त्याची फाइल झाली होती.

फाइल चौथ्या दिवशी माझ्याकडे परत आली. वर साहेबांचा शेरा: 'तातडीने तपासावे.' खाली देखभाल विभाग: 'इमारतीच्या गच्चीवरील टाकीची पाहणी केली. एकच नळ आढळला. दुसऱ्या नळाबाबत खुलासा व्हावा.' त्याखाली हिशेब विभाग: 'बारा अधिक सहा, एकूण अठरा तास.' आणि सगळ्यात खाली, गोल शिक्क्यासकट, साहेबांची सही: 'अठरा तास. मान्य.'

माझा गोल शिक्क्यावर फार विश्वास आहे.

"अठरा तास," मी संध्याकाळी खोडरबरला सांगितलं.

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "पण सर, एकटा नळ बारा तासांत भरतो. मग दोन नळांना अठरा तास कसे लागतील?"

"वरून मान्य झालंय," मी म्हणालो.

तिनं अठरा लिहिलं. खोडलं नाही. मला फार समाधान वाटलं.

त्याच आठवड्यात शाळेनं सराव चाचणी घेतली आणि त्यात टाकी होती. शनिवारी कंडक्टर बाई गणवेशातच आल्या. हातात उत्तरपत्रिका.

"सर, आधी चाळीसपैकी अकरा होते. आता नऊ. गाडी मागे चाललीय का?"

मी उत्तरपत्रिकेकडे पाहिलं. अठरावर लाल फुली होती. मास्तरांनी ती इतक्या जोरात मारली होती की मागच्या पानावरही उमटली होती.

"तीन आठवडे राहिलेत," बाई म्हणाल्या. आवाज उतरला होता. "यात गेली तर वर्ष गेलं. तिच्या वर्गातल्या मुली पुढे जातील. आधीच ही कुणाशी बोलत नाही सर. एकटी मागे राहिली तर काय होईल तिचं, तुम्हीच सांगा." मी तोंड उघडलं. आता सांगून टाकतो, असं मी ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. पण त्या म्हणाल्या, "तुमच्यावर सोडलंय मी. एवढ्या चपला उगाच नसतात." आणि समोरची बस सुटत होती म्हणून त्या पळाल्या.

रविवार मी कसा काढला ते विचारू नका. मला कुणीतरी हवं होतं म्हणून मी कंडक्टर बाईंच्या पोरीचं वर्ष पणाला लावलं होतं. स्वतःची एवढी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. हिला मी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती तेही मला ठाऊक होतं. खोटं नका हो डोलवू, घोटाळा होतो.

सोमवारी खोडरबर येऊन बसली. मी फळा कोरा ठेवला होता.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," मी म्हणालो. "मला गणित येत नाही."

"माहितीय," ती म्हणाली.

"माहितीय? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही फळ्यावर 'कृपया मागे पाहा' असं लिहिलंत." ती जराशी हसली. "आणि मग तुम्ही मागे पाहिलंत."

हे खरं आहे. वहीत ते पानाच्या तळाशी लिहिलेलं होतं. मी ते उतरवलं आणि मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मग आईला का सांगितलं नाहीस?"

ती रबर बोटांत फिरवत राहिली. "सांगितलं असतं तर येणं बंद झालं असतं. आईची ड्युटी आठपर्यंत. घरी कुणीच नसतं. मी टीव्ही लावून ठेवते, बघत नाही, नुसता आवाज असावा म्हणून." मग म्हणाली, "इथे निदान तुम्ही असता. चहापण असतो."

मी आत गेलो, नळ सोडला, बंद केला, परत आलो. मीही टीव्ही लावून ठेवतो. बातम्या.

"पण आता पास कशी होणार तू?" मी विचारलं. "दुसरी चांगली शिकवणी शोधू. मी येतो तुझ्या आईकडे, सगळं सांगतो."

ती हिची वही चाळत होती. मी वहीतली सोडवलेली पानंच तेवढी बघत असे. ती शेवटून उघडून बसली होती.

"काका," ती म्हणाली. (सर गळून पडले होते, ते योग्यच होतं.) "हे काय आहे? 'यांना समजले का?'"

वहीच्या मागच्या पानांवर तक्ते होते. प्रत्येक मुलाचा एक. एका रकान्यात धडा, एकात तारीख आणि तिसऱ्या रकान्याला मथळा: 'यांना समजले का?' खाली कुठे 'नाही', कुठे 'नाही', कुठे 'अर्धवट', आणि शेवटी कुठेतरी 'हो', आणि 'हो'च्या पुढे: 'मुलाला धडा पक्का. पुढे जाणे.'

"यांना म्हणजे कुणाला?"

"मला," मी म्हणालो. माझा मलाच आवाज ऐकू आला नाही. पुन्हा म्हणालो, "मला."

तक्त्यांच्या आधीच्या पानावर हिनं स्वतःसाठी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. खोडरबरनंच त्या मोठ्यानं वाचल्या. 'मुलाला गणित आले की नाही, हे मी विचारून कळत नाही. मला आधीच येते, त्यामुळे मूल माझ्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखते. यांच्या चेहऱ्यावर काहीही नसते. रोज पंधरा मिनिटे यांना समजावायला लावणे. हे समजल्याचे नाटक करत नाहीत. असा माणूस शोधून सापडायचा नाही.'

चौतीस वर्षांत माझ्या गोपनीय अहवालात दरवर्षी 'साधारण' लिहून येतं. माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी कधी लिहिलं नव्हतं, आणि जिनं लिहिलं तिला मी चपलांवरून बोलत होतो. मी रडलो. लपवून वगैरे नाही, चांगला रडलो. खोडरबर घाबरली. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि दुसरं काही न सापडल्यामुळे हातातला रबर माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.

"काका," ती थोड्या वेळानं म्हणाली, "स्टुलावर बसता का?"

मी स्टुलावर बसलो. ती फळ्यापाशी उभी राहिली. "पहिल्या धड्यापासून घेते. वजा गुणिले वजा म्हणजे अधिक."

"का?"

"नियम आहे तसा."

"नाही कळलं," मी म्हणालो, आणि दोन वर्षांनी ते शब्द तोंडात आल्यावर मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

ती दहा मिनिटं फळ्याकडे बघत राहिली. "तुमच्या कचेरीत काय करता तुम्ही?" मी सांगितलं. "बरं. पत्र बाहेर गेलं की तुमच्याकडचं एक कमी झालं. म्हणजे जावक ही वजा. रोज चार पत्रं जावक. आता साहेब म्हणाले, तीन दिवसांची जावक रद्द. रद्द म्हणजे पुन्हा वजा. किती पत्रं तुमच्याकडे परत आली?"

"बारा," मी म्हणालो. आणि दचकलो. "अगं, बारा!"

"वजा चार गुणिले वजा तीन," तिनं लिहिलं, "बारा." मग ती स्वतःच फळ्याकडे बघत राहिली. "अच्छा," ती हळूच म्हणाली, "म्हणून होय!"

ते तिला तेव्हाच कळलं होतं. मला समजावताना.

मग काय विचारता! रोज साडेसहाला मी स्टुलावर. ती सांगायची, मी म्हणायचो नाही कळलं. ती चिडायची, केस मागे करायची, दुसऱ्या रस्त्यानं यायची. दुसरा रस्ता चुकला तर तिलाच कळायचं कुठे चुकला, कारण माझ्या तोंडाकडे बघून काहीच उपयोग नव्हता. हिच्या वहीतली उत्तरं शेवटी ताडून बघायला होतीच. टाकीचं गणित तिनं मला बशीत बिस्किटं मांडून शिकवलं. बारा बिस्किटं म्हणजे टाकी. पहिला नळ तासाला एक भरतो, दुसरा दोन. दोघं मिळून तीन. बारा व्हायला? चार तास! मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी कचेरीत रीतसर टिपणी लिहिली: 'उत्तर चार तास असे वाचावे.' साहेबांनी फाइल परत केली. 'अठरा मान्य झाले आहेत. आता बदल शक्य नाही.'

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, टेबलावर चुरा पडत नाही. रबर माझ्याच खिशात राहिला होता आणि तिनं मागितला नव्हता. ती बोलायलाही लागली होती. वर्गातल्या दोन मुलींना म्हणे ती मधल्या सुट्टीत वजा गुणिले वजा समजावते.

फेरपरीक्षेत तिला चाळीसपैकी एकतीस पडले.

कंडक्टर बाई बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आल्या. "सर, जादू केलीत. काय पद्धत आहे तुमची?"

"मी काही करत नाही हो. मी नुसता बसतो."

"मोठी माणसं असंच बोलतात!" बाई म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ही, पाटी, वही, टाकी, सगळं. 'अरेरे' म्हणतील आणि निघतील, म्हणून मी वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "त्या बाई मला आठवतात. निळी साडी. दारात उभ्या राहून मुलांना रस्ता ओलांडून द्यायच्या. आम्ही बस थांबवून ठेवायचो." आणि त्या बसल्या आणि त्यांनी चहा घेतला.

पण पास झालेल्या मुलीला शिकवणी कशाला? दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले. मी स्टुलावर बसलो. सात वाजले. पातेल्यातला चहा आटला. हे ठरलेलंच होतं, मी स्वतःची समजूत घातली. शिकवणी चांगली झाली की मूल जातं. हिची तर दरवर्षी जायची. ही तेव्हा काय करायची? बहुधा माझ्याशी बोलायची. मला नीट आठवत नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पंधरा दिवस असेच गेले. संध्याकाळी बस समोर थांबली की कंडक्टर बाई माझ्यासाठी दोनदा घंटी वाजवायच्या. मी बाकावरून हात करायचो. मग घरी येऊन टीव्ही लावायचो. सोळाव्या दिवशी, तो रविवारच होता, मी पुन्हा स्क्रू काढायचं हत्यार घेऊन स्टुलावर चढलो.

"काका, पाटी काढताय का?"

खाली खोडरबर. शेजारी एक दोन वेण्यांची चिमुरडी, बहुधा सहावीतली, हातात वही.

"ही आमच्या खालच्या मजल्यावरची," खोडरबर म्हणाली. "अपूर्णांकात गोंधळ आहे. मी शिकवणार आहे हिला. तुमचा फळा वापरू ना? आणि तुम्ही लागणारच."

मी स्टुलासकट आत आलो. दारात दोन जोड चपला. मी धावत जाऊन पातेल्यात पाणी भरून ठेवलं. चिमुरडी फळ्यापाशी उभी राहिली, मी स्टुलावर. अभिमानानं छाती फुगली होती.

"काका, अर्धा आणि पाव मिळून..." तिनं सुरुवात केली.

"पाऊण!" मी म्हणालो.

चिमुरडीचा चेहरा पडला. तिनं पुढचं घेतलं. तेही मला आलं. एक तृतीयांश, एक षष्ठांश, मी पटापट सांगत सुटलो. तीन आठवडे रोज शिकल्यावर येणारच की! खोडरबरनं मला हळूच बाजूला घेतलं.

"काका, तुम्हाला हे येतंय."

"हो ना! तूच शिकवलंस!"

"मग कसं चालेल? ती तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखतेय." ती ओशाळली. "तुम्ही... तुम्ही चहाचं बघता का?"

मी स्वयंपाकघरात गेलो. आयुष्यात मला एकच गोष्ट उत्तम येत होती, ती म्हणजे न येणं. ती शिकवणीनं माझ्यापासून हिरावून घेतली होती. आधणाकडे बघत मी उभा राहिलो. मग कपाटावर हात गेला. तिथे हिचं दहावीचं पुस्तक होतं. उघडलं. त्रिकोणमिती. पहिलं पान वाचलं, एक अक्षर कळलं नाही. दुसरं वाचलं, तेही नाही. पुस्तक उलटं धरून पाहिलं, फरक पडला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मी पुस्तक घेऊन बाहेर आलो. "तू आता दहावीला ना?"

खोडरबरनं चिमुरडीला गणितं घालून दिली आणि मला स्टुलावर बसवलं. अर्धा तास समजावलं. फळा दोनदा भरला, दोनदा पुसला.

"काका, काहीच नाही कळलं?"

"काहीच नाही."

"खरंच? नाटक नाही ना?"

"आईशप्पथ."

"मस्त!" तिनं वहीच्या मागे नवा तक्ता आखला, तिसऱ्या रकान्यात ठळक 'नाही' लिहिलं आणि वही मिटून मला म्हणाली, "बरं का काका, उद्यापासून रोज साडेसहाला यायचं. उशीर चालणार नाही."

"येतो," मी म्हणालो, आणि बूट घालून दाराबाहेर पडलो. थांब्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, की घर माझंच होतं.